उपरण्याखालचा भाव

एका गावात एक भोळा केरबा होता, त्याची शहाणी बायको हौसा होती आणि त्यांच्या बांधाला लागून दादबाआण्णांचं रान होतं. आण्णांच्या रानात विहीर होती. केरबाच्या रानात दगड होते.

आण्णांना एकच मुलगी, लांब दिलेली. म्हातारपणी तिच्याकडं जायचं म्हणून त्यांनी रान विकायला काढलं. बाजारगावचा एक गुळाचा अडत्या त्यावर टपला होता, पण तीन हजाराच्या वर सरकत नव्हता. आणि त्यानं रान घेतलं की विहिरीला कुंपण पडणार, हे सगळ्यांना ठाऊक. मग हौसाच्या गुरांनी प्यायचं काय?

हौसानं मनाशी हिशेब घातला. पलीकडचं रान केवढ्याला गेलं, ह्या रानात पिकतं किती, विहीर उन्हाळ्यात टिकते किती. आण्णा बुडायला नकोत आणि आपली भांडीही विकायला नकोत. भाव निघाला चार हजार. पण सौद्याला बाईनं जायची रीत नव्हती. केरबाला धाडावं लागलं.

ती म्हणाली, "बैल घेताना बघितलं होतं तसं नीट बघून घ्या."

बैल घेताना केरबानं दात बघितले होते. तो रानभर हिंडला. रानाला तोंड सापडेना. मालकाला होतं. त्यानं आण्णांचा जबडा उघडला आणि म्हणाला, "दोनच राहिलेत, आण्णा. रान जून झालंय. भाव उतरवा."

आण्णांनी त्याला बांधाबाहेर घालवला.

हौसानं कपाळाला हात लावला. म्हणाली, दात नाही हो, माती बघायची. चिमटीत धरायची, वास घ्यायचा, जिभेला लावायची आणि खोड काढायची.

दुसऱ्या दिवशी केरबा गेला, तर आण्णांच्या बायकोनं, सरूकाकूनं त्याला जेवायलाच बसवलं. माती काही पुढं आली नाही, पिठलं आलं. केरबानं ते चिमटीत धरलं, हुंगलं, चाटलं.

"खारट आहे, काकू. ह्यात काही उगवायचं नाही."

काकूनं ताट उचललं.

हौसा म्हणाली, अहो, कुणी प्रेमानं पुढं केलं तर झकास म्हणावं, आणखी वाढा म्हणावं. केरबानं ते पाठ केलं.

आता, त्या गावात भाव तोंडानं बोलत नसत. उपरण्याखाली हातात हात घालायचा आणि बोटं दाबायची. एक बोट म्हणजे एक हजार. तिसऱ्या दिवशी अडत्या ओट्यावर बसलेला, आणि आण्णांनी उपरण्याखाली केरबाची पाच बोटं दाबली. केरबा मोठ्यानं म्हणाला, "झकास आहे. आणखी वाढा."

आण्णा बिचकले. आणखी एक बोट दाबलं.

"लाजू नका, आण्णा. वाढा."

अडत्यानं चपला घातल्या. ह्या भावात मी अख्खं गाव घेईन, म्हणाला आणि गेला तो गेलाच.

हे ऐकून हौसाला हसावं की रडावं कळेना. तिनं केरबाची चार बोटं मोजून दाबून दाखवली. "एवढीच दाबायची. आणि आण्णा कबूल झाल्याचं माझ्या कानावर पडेपर्यंत हात सोडायचा नाही."

केरबानं जाऊन चार बोटं दाबली. आण्णा म्हणाले, नाही. केरबानं हात सोडला नाही. आण्णा गोठ्यात गेले, केरबाही उपरण्याखालून गोठ्यात गेला. दोघांनी एकेका हातानं म्हैस पिळली. म्हशीला ते पटलं नाही. आण्णा जेवायला बसले, केरबा मांडीला मांडी लावून बसला.

शेवटी काकूच म्हणाली, "द्या हो त्याला. नाहीतर लेकीकडं ह्यालाही न्यावं लागंल."

आण्णांनीही विचार केला. अडत्या तर तीनवरच अडला होता. म्हणाले, "दिलं रे बाबा. सोड."

"हौसाच्या कानावर कुठं पडलंय?" केरबा म्हणाला आणि चालू लागला. एका उपरण्यात दोन माणसं भर गावातून निघाली. वाटेतली माणसं मागं लागली. पंच पारावरून उठून आले. वरात हौसाच्या दारात थांबली, तेव्हा आण्णा सगळ्यांच्या देखत ओरडले, "हौसा, चार हजाराला रान दिलं. आता तुझा नवरा सोडव."

एवढे साक्षीदार गावातल्या दुसऱ्या कुठल्या सौद्याला मिळाले नव्हते. लिखापढी झाली, आण्णा-काकू सुखानं लेकीकडं गेले. विहिरीचं पाणी दगडांपर्यंत पोचलं, त्या दगडांतून ऊस वर आला, आणि हौसाच्या घरी गुरांनाही पोटभर झालं आणि माणसांनाही.