मारव्याचा रिषभ

"पण बुवा, लिहून ठेवलं नाही तर मागे उरणार काय?"

यशोधनने तोच प्रश्न पुन्हा विचारला. मिरजेच्या दवाखान्यातली ती संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी सकाळी गोविंदबुवा कागवाडकरांच्या गळ्याची शस्त्रक्रिया व्हायची होती. गाठ निघणार होती, आणि गाठीबरोबर आवाजही. डॉक्टरांनी काही लपवलं नव्हतं.

बुवा खाटेवर बसून खिडकीबाहेर बघत होते.

यशोधन संगीताचा प्राध्यापक. कानावर पडलेलं गाणं स्वरलिपीत उतरवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि हे तो पुरतं जाणून होता. गुरूचा मारवा राग त्याने खपून खपून कागदावर आणला होता. आवाज गेला तरी विद्या वाचली, असं त्याला वाटत होतं.

"वाचून गा," बुवा म्हणाले. आवाज पार फाटलेला.

तो गायला. एक मात्रा इकडची तिकडे झाली नाही.

"चुकलं का कुठे?"

"नाही."

"मग?"

बुवांनी त्याच्या हातातले कागद काढून बाजूला ठेवले. त्याचा हात ओढून स्वतःच्या गळ्यावर धरला.

बोटांना गाठ लागली. सुपारीएवढी, टणक. यशोधन दचकला, हात सोडवू लागला. बुवांनी सोडला नाही.

आणि ते गाऊ लागले.

रिषभ गाठीपाशी येऊन अडला. बोटांखाली सगळा गळा थरथरला. मग तो स्वर कसाबसा कडेने निसटून वर आला... या स्वरासाठी यशोधनने कागदावर 'रे' लिहून खाली एक आडवी रेघ ओढली होती.

बुवांना ठसका लागला. रुमालावर रक्त उतरलं.

"पुरे, बुवा... त्रास होतोय तुम्हाला."

"गा."

"कागद..."

"कागद राहू दे."

यशोधनने सूर लावला, आणि पहिल्याच रिषभावर त्याचा आवाज फुटला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. त्याने मान खाली घातली.

दारात नर्स येऊन उभी राहिली होती. भेटीची वेळ संपली होती.

"नाही येत मला," तो कसाबसा म्हणाला. "उद्या येतो, बुवा. उद्या नीट गाऊन दाखवीन."

बुवांनी त्याचा हात गळ्यावरून हलकेच खाली ठेवला.

"उद्यापासून मी नुसता ऐकणार, यशोधन. चुकलास तरी सांगता यायचं नाही."