चाळीस पावलं पुढे

फार पूर्वी, राजेसुद्धा चारचौघांच्या पंगतीला मांडी घालून बसत, तेव्हाची ही गोष्ट. दोन राज्यांच्या शिवेवर एक दगड होता आणि त्याची राखण सटवाजी नावाच्या पाथरवटाकडे होती.

दरवर्षी सुगी संपली की दोन्हीकडची माणसं त्या दगडापाशी जमत. सटवाजी दगडाला चुना लावी. मग अलीकडचे गहू आणि पलीकडचा गूळ एकाच कढईत घालून लापशी शिजे. पहिला घास घेण्याआधी अलीकडचा राजा पलीकडच्यांना विचारी, "आमची गुरं यंदा तुमच्या रानात शिरली का हो?" शिरली असली, तर तो हात जोडी आणि मगच जेवी. अशाच एका पंगतीत सोयरीक ठरली आणि सटवाजीने आपली लेक भागी पलीकडच्या गावात दिली. काय दिवस होते ते!

तो राजा गेला. त्याच्या मुलाला 'नाही' हा शब्द सोसत नसे. तसं म्हणणारे प्रधान त्याने एकेक करून तुरुंगात टाकले. मग सटवाजीला हुकूम आला, "दगड चाळीस पावलं पुढे सरकव."

सटवाजीचा हात पहारीवर अडखळला. पण जिवाची भीती कुणाला नसते? 'चाळीस पावलांनी काय आभाळ कोसळतंय,' असं मनाला समजावत त्याने दगड हलवला.

पलीकडचे गप्प राहिले. त्या वर्षी गूळ आला, पण थोडाच. राजाला वाटलं, हे घाबरले. दुसऱ्या वर्षी दगड ओढ्यापर्यंत गेला आणि गूळ आलाच नाही. तिसऱ्या वर्षी तो थेट भागीच्या खळ्यात रोवायचा हुकूम निघाला.

खळ्यात जावई कोयता घेऊन उभा होता. "मामा, तुमच्यावर हात उचलणार नाही," तो म्हणाला. "पण तुमच्या मागच्या शिपायांना इथून पुढे येऊ देणार नाही."

भागी रडत म्हणाली, "आबा, पहिल्याच खेपेला पहार खाली ठेवली असती तर?"

शिपाई पुढे सरसावले, आणि तिथे पेटलेलं युद्ध सात वर्षं विझलं नाही. जावई पहिल्याच दिवशी पडला. दोन्हीकडची गावं ओस पडली. राजा परागंदा झाला. शेवटी तह झाला आणि दगड जुन्या जागी रोवायचं ठरलं. जुना खड्डा गवताखाली तसाच होता.

सुगी संपल्यावर सटवाजीने दगडाला चुना लावला, चूल मांडली, गहू काढले. सवयीने त्याने पलीकडे हाक दिली, "आमची गुरं यंदा तुमच्या रानात शिरली का हो?"

पलीकडे एकटी भागी उभी होती, मोकळ्या कपाळाने. तिने पदरातला गुळाचा खडा दगडावर ठेवला आणि ती मागे वळली. म्हाताऱ्याने लापशी शिजवली, पण त्याच्या पंगतीला कोणी बसलं नाही.

लहानांनो आणि मोठ्यांनो, एवढं ध्यानात ठेवा: हुकूमशहाच्या पहिल्या चाळीस पावलांना जे 'नाही' म्हणत नाहीत, त्यांच्याच लेकीबाळींच्या दारात एक दिवस युद्ध येऊन उभं राहतं.