बाबालाल आताराची लाडकी सायकल

उंबरटेकच्या तलावाचा बांध निव्वळ मातीचा होता, तेव्हाची ही गोष्ट. गावात बाबालाल आतार राहायचा. पोटासाठी तो अत्तर विकायचा, पण त्याचा जीव जुन्या सायकलींत. लोकांच्या अडगळीतून मोडक्या सायकली आणायच्या, गंज घासायचा, तेल द्यायचं, हाच त्याचा छंद.

त्यातली एक उंच, काळी सायकल त्याची लाडकी. तिच्यापायी त्यानं बावीस वर्षं घातली. तिला शोभेलसा भाग दुसऱ्या सायकलीत दिसला की काढून हिला लावायचा. त्यामुळे परड्यातल्या बाकीच्या चार सायकली लंगड्या झाल्या. लाडकी पुरी झाल्याशिवाय तिच्यावर बसायचं नाही, असं त्यानं ठरवलं होतं. एका श्रावणात शेवटचा दिवा बसला आणि ती पुरी झाली. उद्या सकाळी बसू, असं तो म्हणाला.

सकाळी तलावाचा राखणदार गणू धापा टाकत आला.

"चाचा, बांध खचाय लागलाय. खाली पाच वाड्या हायत्या. पायी जाऊन सांगूस्तवर पानी पोचंल."

बाबालालनं पाना उचलला आणि लाडकीची साखळी काढायला घेतली.

"तिला नगा हात लावू," गणू म्हणाला. "बावीस वर्षं घातली तुमी."

"ह्या चौघींचं काढूनच हिला घातलंय मी. ज्याचं त्येला जाऊ दे."

तो रडत होता, पण एकही नट त्याच्या हातून निसटला नाही, असं म्हणतात. गणू आणि गावातली तीन पोरं बसली आणि चार सायकली चार वाड्यांकडे सुटल्या. नदीकाठची, सगळ्यांत लांबची वाडी तेवढी राहिली. लाडकीला ना साखळी उरली होती, ना टायर. बाबालाल तशाच सायकलीवर बसला आणि उताराला लागला.

उतार संपला तरी ती थांबली नाही, चढसुद्धा चढली, असं म्हणतात. उघड्या रिमांचा खडकावरचा खणखणाट ऐकून वाडी घरं सोडून टेकडीवर गेली. बाबालाल शेवटच्या घरापर्यंत हाका मारत गेला, तोवर पाणी आलं. तो पुन्हा कुणाला दिसला नाही.

आजही श्रावणात त्या दिवशी गाव आणि पाचही वाड्या बांधावर जमतात. घरटी एकेक माणूस आपल्या सायकलीचा एकेक भाग काढून आणतो, आणि त्यांतून एक सायकल जोडतात. साखळी, टायर, दिवा, सगळं नीट पाहून घेतात. मग ती हातानं ढकलत नदीकाठच्या वाडीपर्यंत नेतात. वाट चार कोसांची आहे, म्हातारी माणसं दमतात. पण तिच्यावर कुणी बसत नाही.