मोहोळाखालचा पाठ

एका गावात एक शाळा होती, आणि शाळेपेक्षा शाळेचा गलका मोठा होता. गावाचं नाव बिबळेवाडी. शाळेच्या कोपऱ्याशी सावरीचं एक उंच झाड होतं आणि त्याच्या फांद्यांना सुपाएवढी आग्यामोहोळं लटकलेली असत. गावानं कधी त्यांना हात लावला नाही, आणि त्यांनीही कधी विनाकारण गावाच्या वाटेला जायचं मनात आणलं नाही. असं दोघांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं सख्य होतं. सख्य म्हटलं की नियम आलेच. झाडाखाली धूर करायचा नाही, दगड मारायचा नाही. आणि मोहोळ उठलंच, तर आरडाओरडा करायचा नाही, हात झाडायचे नाहीत. सावकाश आडोसा गाठायचा, अंग झाकायचं आणि गप पडून राहायचं. बिबळेवाडीच्या पोरांना हे बाराखडीच्या आधी यायचं.

त्या शाळेत वैजयंता नावाची एक मुलगी शिकवायला आली. खरं तर ती शिकवायला नव्हे, शिकवायचं कसं ते शिकायला आली होती. तालुक्याच्या अध्यापक विद्यालयात तिचं दुसरं वर्ष चालू होतं. पहिल्या वर्षी तिचा सराव पाठ असा काही फसला की पोरांच्या गोंधळात परीक्षक कधी उठून गेले, हेही तिला कळलं नाही. या खेपेला प्राचार्य शेडबाळे सरांनी तिला बजावलं होतं, "वैजयंता, हा पाठ शेवटचा. वर्ग सांभाळता आला नाही, तर दुसरा मार्ग धरा." वैजयंताला दुसरा मार्ग नको होता. लहानपणी भावंडांना ओळीनं बसवून हातात पट्टी घेणारी ती पोर; तिला बाईच व्हायचं होतं.

तिला तिसरीचा वर्ग मिळाला, आणि पहिल्याच आठवड्यात वर्गानं तिच्या नाकी नऊ आणले. ती गोष्ट सांगायला लागली की पोरं एकमेकांना दुसरीच गोष्ट सांगत. तिनं फळ्यावर गाय काढली, तर ती गाय कुणाच्या गोठ्यातली यावरून दोन रांगांत जुंपली. ओरडून ओरडून तिचा घसा बसला. हात टेकून ती खुर्चीत बसली, आणि तेव्हा तिला स्वतःच्या शाळेतला एक मंत्र आठवला. तो तुम्हां-आम्हां सगळ्यांना पाठ आहे. बसक्या आवाजात ती म्हणाली, "हाताची घडी, तोंडावर बोट."

आणि काय सांगावं! सगळे हात छातीशी गेले, सगळी बोटं ओठांवर टेकली. कौलांवरून चिमणी चालली तर तिच्या पावलांचा आवाज यावा, इतकी शांतता झाली. वैजयंता थक्क होऊन बघत राहिली. एवढीशी आपण, आणि आपल्या चार शब्दांत एवढं बळ? तिला वाटलं, राजाला आपल्या फौजेपुढे उभं राहून असंच वाटत असेल.

त्या दिवसापासून तिनं दुसरं काही शिकवलंच नाही म्हणा ना. मंत्राला तिनं एक शेपूटही जोडलं, "मी सांगेपर्यंत बोट काढायचं नाही." बिबळेवाडीची पोरं दंगेखोर असली तरी शब्दाची पक्की होती. एकदा सुटीत ती पोरांना मोकळं करायला विसरली आणि डबा खाऊन परत आली, तर वर्ग तसाच्या तसा बसलेला. डबे बंद, बोटं ओठांवर. कुणालाही कीव आली असती. वैजयंताला अभिमान वाटला.

शाळेचे जुने मुख्याध्यापक नलवडे गुरुजी एकदा तिच्या दाराशी येऊन उभे राहिले. त्यांच्या स्वतःच्या वर्गातून बाजार भरल्यासारखा आवाज येत होता.

"बाई, वर्ग फार गुणी झालाय तुमचा."

"हो गुरुजी. आता अगदी सांगितलं तसं ऐकतात."

"चांगलं आहे. पण मडकं घेताना टिचकी मारून बघतात. नुसतं गप आहे, का फुटकं आहे, तेव्हाच कळतं."

गुरुजी गेले. वैजयंता मनात म्हणाली, स्वतःला जमत नाही, म्हणून दुसऱ्याचं बघवत नाही.

तिच्या वर्गात खिडकीजवळ चिमी बसायची. काटकुळी, सावळी, डोळे तेवढे टपोरे. तिची आई दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबायची, म्हणून धाकटी ठकी चिमीच्या कमरेवर बसून रोज शाळेत यायची. ठकीला अजून नीट बोलता येत नव्हतं. ती बहिणीच्या मांडीवर बसायची, सापडेल तो खडू खायची आणि दुपारी तिथंच झोपून जायची. चिमी एका हातानं तिला थोपटायची आणि दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवायची.

शेवटी पाठाचा दिवस उजाडला. वैजयंतानं विषय घेतला होता मधमाशी. तिनं खपून एक तक्ता रंगवला होता. मधमाशीचे पंख, पाय, डंख, पोळ्याची षट्‌कोनी घरं, सगळं सुबक. तो टांगताना तिची पाठ खिडकीकडे होती, आणि खिडकीतून सावरीवरची मोहोळं दिसत होती. इतके दिवस त्या शाळेत राहून तिनं एकदाही मान वर करून ती नीट पाहिली नव्हती.

"चिमे, आज ठकी वर्गात नको. सरांसमोर भोकाड पसरलं तर माझी शोभा होईल. बाहेर सावलीत बसव तिला."

चिमीनं काहीतरी सांगायला तोंड उघडलं. वैजयंतानं नुसतं बोट ओठांवर नेलं. चिमीचं तोंड मिटलं. तिनं ठकीला बाहेर नेलं, सावरीच्या सावलीत बसवलं, पुढ्यात मूठभर चिंचोके टाकले आणि परत येऊन ती खिडकीशी बसली.

शेडबाळे सर आले. देह भारदस्त, त्यातून डोंगराची चढण चढून आलेले. वाऱ्यासाठी त्यांनी खुर्ची दाराबाहेर ओसरीवर मांडून घेतली आणि घाम पुसत ते आत पाहू लागले. वर्ग चित्रातल्यासारखा बसला होता. सरांच्या भुवया वर गेल्या. वैजयंताच्या मनात आलं, जिंकलं.

"मधमाशी हा एक उपयुक्त कीटक आहे," तिनं सुरुवात केली. तिचा आवाज स्वच्छ होता आणि शब्द पाठ होते. पुठ्ठ्यावरच्या माशीवर पट्टी ठेवून ती पंखांकडून पायांकडे आली.

आणि त्याच वेळी एका घारीनं सावरीवर झडप घातली. तिनं मोहोळाचा एक लचका तोडला आणि ती उडून गेली. वैजयंताला काही कळलं नाही, सरांनाही नाही. मोहोळाची गुणगुण रोजचीच होती. पण पोरांच्या कानांना ती गुणगुण बदललेली समजली. सगळे डोळे खिडकीकडे वळले.

"लक्ष इकडे," वैजयंता म्हणाली आणि तिनं तक्त्यावर पट्टी आपटली.

डोळे वळले नाहीत. चिमीनं हात वर केला. वैजयंताला घाम फुटला. आता ही पोर काहीतरी बोलणार आणि सगळ्यावर पाणी फिरणार! तिनं डोळे मोठे केले आणि बोट ओठांवर नेलं. चिमीनं एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा खिडकीबाहेर पाहिलं. मग ती उठली.

"चिमे, जागेवर बस."

चिमी बसली नाही. एक बोट तसंच ओठांवर ठेवून ती दाराबाहेर गेली, आणि तिच्यामागून सगळा वर्ग उठला.

वैजयंताला वाटलं, संपलं सगळं. पण पुढे जे झालं, ते ती जन्मात विसरली नाही. ना गलका, ना ढकलाढकली. प्रत्येकाचं एक बोट ओठांवर होतं आणि दुसरा हात कामाला लागला होता. कुणी खिडक्या लावून घेतल्या. कुणी बसायच्या सतरंज्या ओढून भिंतीशी आणल्या. हैबती नावाच्या दांडग्या पोरानं ओसरीवर जाऊन सरांचा हात धरला आणि म्हैस गोठ्यात आणावी तसं त्यांना आत आणलं. सर बोलायला लागले, तर त्यानं आपल्या ओठांवरच्या बोटाकडे असं काही पाहिलं की सरही गप झाले. एका मुलीनं बाईंना हळूच खाली बसवलं आणि त्यांच्या डोक्यावर सतरंजी घातली. दार मात्र त्यांनी हातभर उघडं ठेवलं, आणि हैबती कडीवर हात ठेवून तिथं उभा राहिला.

सतरंजीच्या फटीतून वैजयंतानं बाहेर पाहिलं. झाडावरून काळा धूर सुटावा तशा माश्या उठल्या होत्या. त्या धुराखाली, तिनंच बाहेर बसवायला लावलेली ठकी चिंचोके मांडत बसली होती.

चिमी तिच्यापर्यंत पोचली. तिनं ठकीला उचललं, आपला परकर उलटा करून तिच्या तोंडावरून घेतला आणि ती वळली. ती धावली नाही, ओरडली नाही. आभाळ भणभणत होतं आणि ही एवढीशी पोर भरली घागर आणावी तशी बहिणीला जपत, एकेक पाऊल टाकत येत होती. आता तिचे दोन्ही हात ठकीभोवती होते. तरी तिचे ओठ घट्ट मिटलेले होते.

वैजयंतानं आयुष्यात पहिल्यांदा कुणाची मनापासून वाट पाहिली. पाठ, परीक्षा, प्राचार्य, सगळं तिच्या डोक्यातून निघून गेलं. एवढं दार गाठू दे, एवढंच ती मागत राहिली.

चिमीनं दार गाठलं. हैबतीनं तिला आत घेऊन कडी घातली. दोघं सतरंजीखाली शिरली, आणि मोहोळ कौलांवरून गेलं.

मग जी शांतता झाली, तशी वैजयंतानं कधी ऐकली नव्हती. तिच्या मंत्रानं आणलेली शांतता रिकाम्या कणगीसारखी होती. ही गच्च भरलेली होती. प्रत्येक पोर दुसऱ्याला धरून होतं, प्रत्येक कान जागा होता. शेडबाळे सर, दोन पोरांच्या मध्ये, गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. याला म्हणतात वर्ग, असं वैजयंताच्या मनात आलं आणि तिचे डोळे भरून आले.

बऱ्याच वेळानं भणभण विरली. ठकीला ओरखडाही नव्हता. ती चिमीच्या कुशीत झोपून गेली होती. चिमीच्या मानेवर मात्र चार ठिकाणी लाल गांधी उठल्या होत्या. वैजयंतानं एकेक काटा काढला.

"चिमे, अगं, मला सांगितलं का नाहीस?"

चिमी बाईंकडे बघत राहिली, पण बोलली नाही. तिचा हात मोकळा झाला होता आणि बोट पुन्हा ओठांवर गेलं होतं. वैजयंताला उमगायला क्षणभर वेळ लागला.

"काढ गं बोट," ती कशीबशी म्हणाली.

"तुमीच म्हनला व्हता न्हवं बाई, मी सांगेस्तोवर काडायचं न्हाई म्हनून."

त्यात तक्रार नव्हती. विचारलं म्हणून तिनं सांगितलं, इतकंच. पण मोहोळातल्या साऱ्या माश्या एकदम डसल्या असत्या, तरी वैजयंताला एवढं लागलं नसतं.

ती उठली. तिनं तो सुबक तक्ता खाली उतरवला, उलटा करून भिंतीला टेकवला आणि सतरंजीवर पोरांच्यात मांडी घातली. मग तिनं स्वतः हाताची घडी घातली आणि स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं.

आधी पोरांना काही समजेना. मग हैबती हळूच म्हणाला, "बाई, घार आली की मव्हाळाचा आवाज जाडा हुतो." दुसरं कुणी म्हणालं, सावरीला फुलं आली की माश्या येतात. तिसऱ्याच्या आजोबांनी मोहोळाची राणी पाहिली होती. बघता बघता वर्ग बोलू लागला. गलका म्हणाल तर गलकाच. पण एक बोलताना बाकीचे ऐकत होते, कारण जो तो सांगत होता ते दुसऱ्याला हवं होतं. पंख, पाय, डंख, पोळं, तक्त्यावरचं सगळं आलं आणि तक्त्यावर नसलेलं त्याच्या दुप्पट आलं. वैजयंता लहान मुलासारखी डोळे विस्फारून ऐकत राहिली.

निघताना शेडबाळे सर दारात थांबले.

"वैजयंता, वर्ग तुम्ही सांभाळला नाहीत. वर्गानं आपल्या दोघांना सांभाळलं. आता गुण कुणाला देऊ?"

"त्यांनाच द्या, सर. मला नापास करा. आणि जमलं तर पुन्हा एकदा याच वर्गापुढे उभं राहू द्या."

सर डोंगर उतरून गेले. पण पुढच्या महिन्यात ते पुन्हा डोंगर चढून आले. खालच्या वळणापासूनच त्यांना तिसरीचा गलका ऐकू येत होता. ते कपाळाला आठ्या घालून दारापर्यंत पोचले, तर गलका एकदम थांबला. त्यांनी आत डोकावून पाहिलं. फळ्यापाशी चिमी उभी होती आणि काहीतरी समजावून सांगत होती. वर्ग जिवाचा कान करून ऐकत होता. सर बाईंना शोधू लागले, पण खुर्ची रिकामी होती. बाई शेवटच्या सतरंजीवर बसल्या होत्या. मांडीवर झोपलेली ठकी होती, आणि ओठांवर बोट होतं.

नलवडे गुरुजी सरांच्या मागे येऊन उभे राहिले होते. ते हळूच म्हणाले, "आता वाजवून बघा, सर. मडकं पक्कं झालंय."

तात्पर्य: मुलांचं तोंड बंद करता आलं म्हणजे त्यांचं मन हाती आलं असं नव्हे; ज्याला शिकवायचं आहे, त्यानं आधी आपल्या ओठांवर बोट ठेवून मुलांचं ऐकायला शिकावं.