आधी त्यांना

१८ मार्च १९६८, सोमवार. सकाळपासून कोरडा वारा. आभाळ धुळीने पिवळट. ऊन होतं, पण सावल्या पडत नव्हत्या.

“…पण बाबा, वीर कधी बाईच्या अंगात येतो का?”

सुभेदार विश्राम आहेर उभ्यानेच विचारत होते. बसा म्हटलं तरी बसले नव्हते.

केवळनाथबाबा सुपारी कातरत होते. “येणाऱ्याला विचार. मला काय विचारतोस?”

“विचारलं. दोनच शब्द बोलतात.”

सुभेदारांच्या थोरल्या वहिनी, गिरजाबाई, मठाच्या अंगणात खांबाला टेकून बसल्या होत्या. बैलगाडीतून त्यांना उचलूनच उतरवावं लागलं. ओठ फुटले होते. धुळवडीपासून त्यांनी पाण्याचा थेंब घेतला नव्हता. तांब्या तोंडाशी नेला की हाताने बाजूला सारायच्या आणि म्हणायच्या, “आधी त्यांना.”

डॉक्टरांनी सलाईन लावलं, ते उपसून टाकलं. आता आणखी एक दिवस काही निघत नाही, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा सुभेदारांनी गाडी जुंपली.

गिरणाकाठच्या आमच्या गावांत, ज्या घरचा माणूस लढाईत पडला, त्या घरी त्याचा चांदीचा टाक करून देवघरात ठेवतात. टाकावर घोडेस्वार, त्याच्या हातात तलवार. हा त्या घरचा वीर. धुळवडीला घरातला पुरुष तो टाक फडक्यात बांधून हातात घेतो, डफाच्या तालावर नदीवर नेतो, न्हाऊ घालतो आणि नाचवत घरी आणतो. वाटेत वीर त्याच्या अंगात येतो.

आहेरांचा वीर म्हणजे सुभेदारांचे थोरले भाऊ हरी, गिरजाबाईंचे मालक. चव्वेचाळीस साली इटलीत पडले. तेव्हापासून वीर सुभेदारांच्याच अंगात यायचा. नोकरीत होते तेव्हाही ते होळीला रजा काढून यायचे. यंदा ते नदीपासून घरापर्यंत नाचले, अंगात काही आलं नाही. दारात उभ्या असलेल्या वहिनी मात्र कोसळल्या.

“टाक आणलास?” बाबांनी विचारलं.

सुभेदारांनी खिशातून फडकं काढलं, सोडलं, टाक बाबांपुढे ठेवला. बाबांनी तो उजेडाकडे धरला.

“घोडा झकास आहे. हरीचा का?”

“टाकावर घोडा असतोच, बाबा.”

“मी हरीचं विचारतोय.”

“…पायदळात होता.”

“मग तलवार?”

“बाबा, चेष्टा नको. माझा भाऊ रणात पडलाय.”

“म्हणूनच विचारतो. पडला तेव्हा हातात काय होतं?”

“रायफल.”

बाबांनी पुन्हा अडकित्ता उचलला.

“आधी त्यांना,” खांबापाशी वहिनी म्हणाल्या. कोणी तांब्या पुढे केला नव्हता.

“सुभेदार,” बाबा म्हणाले, “भावाची लाज वाटते का रे तुला?”

सुभेदारांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. “चोवीस वर्षं नाचवतोय मी त्याला! साऱ्या गावात आमचा वीर पुढे असतो. कोण करतं भावासाठी एवढं?”

“तू या घोडेवाल्याला नाचवतोस. हरीचं सांग.”

सुभेदार दाराकडे बघत राहिले. मग माझ्याकडे, बाबांच्या सेवेकऱ्याकडे. मी उठू लागलो, तर बाबांनी हातानेच बस म्हटलं.

“पखाल होती,” सुभेदार म्हणाले.

“काय?”

“पाण्याची पखाल, बाबा. पलटणीचा पाणक्या होता तो. लढाऊ शिपाई नव्हता. गावात माहीत नाही कोणाला. वहिनींनाही नाही.”

वहिनींनी मान वर केली. सुभेदारांना ते दिसलं, आणि त्यांचा आवाज उतरला.

“त्याच्या जोडीदाराने सांगितलं मला. डोंगराच्या उतारावर जखमी पडले होते. इकडे आपली फळी, तिकडे जर्मनांची, आणि मधे हे. पाणी पाणी ओरडत होते. याला कोणी जा म्हटलं नव्हतं… गेला. आपल्यांना पाजलं, त्यांच्यातल्यांनाही पाजत सुटला. एका जर्मनाला पाजायला वाकला होता, तेव्हा गोळी लागली.”

“कोणाची?”

“कुठल्या बाजूची ते… कळलं नाही.”

“आणि पखाल?”

“जोडीदार म्हणाला, अर्धी भरलेली होती.”

“मग बाकीच्यांचं काय झालं?”

“कोणाचं, बाबा?”

बाबांनी अडकित्त्याने वहिनींकडे दाखवलं. वहिनींचे डोळे अंगणाच्या भिंतीच्या कडेने सरकत होते. सरकायचे, थांबायचे, पुन्हा पुढे सरकायचे. नेहमी जमिनीलगत.

“घरीही अशाच बघतात?”

“ओसरीच्या भिंतीकडे. दिवसभर.”

बाबा उठले. रांजणातून तांब्या भरला आणि सुभेदारांच्या हातात दिला.

“पाज.”

“कोणाला? तिथं कोणी नाही.”

“पाज म्हटलं ना.”

सुभेदार भिंतीपाशी गेले. झाडाला घालावं तसं उभ्याने पाणी ओतलं. अंगणाला घडीव दगडाची फरशी आहे आणि उतार मोरीकडे आहे. पाणी धावत मोरीत गेलं.

“आधी त्यांना,” वहिनी म्हणाल्या. या वेळी आवाज जेमतेम ऐकू आला.

सुभेदार चिडून वळले. “बघा! दिलं ना मी!”

“वाकून,” बाबा म्हणाले. “ते उभे नाहीत.”

सुभेदारांनी फेटा काढून खांबापाशी ठेवला. भरलेला तांब्या घेतला. एक गुडघा टेकला, मग दुसरा. धार बारीक धरली.

मी मोरीशेजारी बसलो होतो. मोरीत पाणी आलं नाही. मी मान पुढे काढून पाहिलं. तांब्यातून धार पडताना दिसत होती, खालची फरशी कोरडी होती.

वहिनींचे डोळे पुढे सरकले. सुभेदार गुडघ्यांवरच पुढे सरकले. धार धरली. पुन्हा पुढे. बाबा मागून तांब्या भरून देत होते. सुभेदार आता भराभर पुढे जात नव्हते. जिथे वहिनींचे डोळे जास्त वेळ थांबत, तिथे तेही थांबत.

कोपऱ्याजवळ त्यांचा डावा हात आपोआप खाली गेला. फरशीपासून वीतभर उंच, तळवा वर, बोटं किंचित वाकलेली. कोणाची मान उचलून धरावी तसा.

तांब्या कलता कलता थांबला.

“बाबा… हा आपला नाही.”

“तुला कसं कळलं?”

सुभेदारांचा डावा हात ओझ्याने दबावा तसा खाली दबला. पण त्यांनी तो काढून घेतला नाही. वहिनींचे डोळे त्या हातावर होते.

“तहानलाय ना?” बाबा म्हणाले.

“…हो.”

सुभेदारांनी तांब्या कलता केला. त्या जागी सगळ्यात जास्त वेळ लागला. मोरी कोरडीच राहिली.

मग वहिनींनी भिंतीकडे बघणं सोडलं. सुभेदारांना ते कळलं. पण ते उठले नाहीत.

“दादा राहिला,” ते म्हणाले. “सगळ्यांना देत गेला, त्याला कोणी दिलं नसेल… वहिनी, तो कुठं पडलाय? दाखवा मला.”

धुळवडीनंतर पहिल्यांदाच वहिनी वेगळं बोलल्या.

“ते पडलेले नाहीत, भावजी. तुमच्या मागं उभे आहेत.”

सुभेदारांच्या पाठीमागे मला अंगण दिसत होतं. अंगणापलीकडे दार, दारात गाडी. बैल रवंथ करायचे थांबले होते.

सुभेदार वळले नाहीत. बाबांनी भरून दिलेला तांब्या त्यांनी दोन्ही हातांनी धरला, खांद्यावरून मागे नेला आणि कलता केला. मान समोरच होती. पाणी खाली पडल्याचा आवाज झाला नाही. त्यांची मनगटं हळूहळू वर येत गेली, हातातलं वजन कमी होताना येतात तशी.

“बाबा,” ते म्हणाले. आवाज ओळखू येत नव्हता. “वळू का?”

“थांब,” बाबा म्हणाले. “त्याचं पिऊन होऊ दे.”

तांब्या रिकामा झाल्यावर सुभेदार वळले. मागे कोणी नव्हतं. सदऱ्याची पाठ कोरडी होती. गिरजाबाईंनी पाणी मागितलं. एक तांब्या प्यायल्या, जरा थांबून अर्धा आणखी.