पळसधोंडचा सिग्नल

स्टेशनच्या पश्चिम टोकाला लाकडी हाताचा तो जुना सिग्नल उभा आहे, त्याचे फोटो सगळेच काढतात. तुम्हीही काढा. हात आडवा असेतो गाडी हलायची नाही, तो खाली पडला की वाट मोकळी, एवढंच त्याचं शास्त्र. चार वर्षांपूर्वी पळसधोंडची डागडुजी झाली. कौलं उतरवून पुन्हा चढवली, भिंतींना चुन्याचा गिलावा दिला, सागवानी बाकं घासूनपुसून चकचकीत केली. सिग्नलची तारसुद्धा नवी आहे. तरी रविवारी दुपारी पाहुण्यांची गाडी निघताना मी फलाटाच्या टोकाला जाऊन खैरीच्या पायवाटेला एक प्रश्न विचारल्याशिवाय सिग्नल पडत नाही.

ही मानमोडीच्या साथीतली गोष्ट आहे, शंभराहून अधिक वर्षं झाली. त्या आश्विनात सरणाला लाकूड पुरत नव्हतं, असं सांगतात. आजाऱ्यांना शहरातल्या दवाखान्यात नेणारी शेवटची गाडी दुपारी सुटणार होती, पुढे साथ सरेपर्यंत लाइनच बंद. खैरी ही दीड कोसावरची सात घरांची वस्ती. तिथे सकाळी निरोप घेऊन गेला तो उकंडा, इथला सांधेवाला. रूळ बदलायचे आणि सिग्नल ओढायचा, हे त्याचं काम. त्याने वस्तीसमोर शपथ घेतली म्हणे, "तुमच्यातलं शेवटचं मानूस चढल्याबिगर मी सिंगल पाडत नाई. चाला तुमी हळूहळू."

परतला तो अंगात ताप घेऊनच. सिग्नलच्या दांड्यावर हात ठेवून बसला.

दुपारी गाडी भरली. खाटांवरून, पाठीवरून माणसं आणली होती. स्टेशनमास्तरांनी सिग्नल पाडायला सांगितलं, उकंडा उठेना. जवळ जाऊन पाहिलं तर तो केव्हाच गार पडला होता. त्याची बोटं सोडवून दोघातिघांनी दांडा ओढला. दांडा आला, तार ताणली गेली, वरचा हात मात्र तसूभर हलला नाही. ऊन रणरणत होतं, पानही हलत नव्हतं, आणि आडव्या हातापुढे गाडी न्यायला ड्रायव्हर तयार नव्हता.

तेवढ्यात खैरीच्या वाटेने एकटी जानका आली. खांद्यावर पाच वर्षांची पोर, वेणू. पोरीचा श्वास भात्यासारखा चालला होता. जानका डब्यात चढली तेव्हा मास्तरांनी विचारलं, "मागे कोणी आहे का?"

मागे होते. सगळी खैरी मागे होती. वाटेत एकेक जण झाडाखाली टेकलेला तिने पाहिला होता, तिची सख्खी जाऊसुद्धा. त्यांच्यासाठी थांबलं असतं तर दिवस कलला असता. तिने पोरीच्या तोंडाकडे पाहिलं.

"नाई," ती म्हणाली. "मांगं कोनीच नाई."

आणि सिग्नल पडला. दांड्याला तेव्हा कोणाचाही हात नव्हता. उकंडाने तिचा शब्द खरा मानला, असं आमच्याकडे म्हणतात.

दुसऱ्या दिवशी लोक वाटेवर गेले. एकही वाचला नव्हता. सगळ्यात पुढे आलेला माणूस फाटकापाशी पडला होता, जिथून गाडी दिसते तिथे.

वेणू वाचली. ती माझी आई. जानका आजी मरेपर्यंत रोज दुपारी गाडीच्या वेळी इथे येऊन वाटेला विचारायची, "मागे कोणी आहे का?" मग आई विचारायची. पुढे लाइन कायमची बंद पडली आणि मी मनात म्हटलं, सुटलो. डागडुजीनंतर पाहुण्यांच्या गाडीची चाचणी होती, तेव्हा इंजिनिअर साहेबांनी कप्प्या बदलल्या, डबाभर तेल ओतलं, सिग्नल काही पडेना. दोन दिवस मी चहा पीत नुसता बघत होतो, खोटं कशाला सांगू. घरातली लबाडी चारचौघांत कोण काढतो? तिसऱ्या दिवशी उठलो आणि विचारलं.

उत्तर येतं का, असं पाहुणे मला विचारतात. मला तरी काही ऐकू येत नाही. फक्त दारात कोणी नसताना डबा दबतो. एक पाय चढावा तसा थोडा दबतो, थांबतो, पुन्हा दबतो. दबायचा थांबला की हात पडतो. संध्याकाळी गाडी परत येते ती हलकी असते, आणि पुढच्या रविवारी सगळं पुन्हा तसंच.

आजीने खोटं बोलायला नको होतं, असं म्हणणारे गावात आहेत. मला ते म्हणता येत नाही. ती खरं बोलली असती तर मी जन्मलोच नसतो. त्यामुळे त्या माणसांची माफीही मला धडपणे मागता येत नाही, आणि त्याची फार लाज वाटते. म्हणून आजही मी इथे उभा राहतो, आणि कितीही वेळ लागला तरी घाई करत नाही.

चला, वेळ झाली. तुम्ही बसून घ्या. फक्त दारातून जरा आत सरका, त्यांना चढायला जागा हवी.