ओल्या पंखांची परी

त्या दिवशी सकाळी कौशी नेहमीसारखी पडद्यावर पाणी मारत होती. वैशाखातलं ऊन अंगणात पांढरंशुभ्र पसरलं होतं. विहिरीनं कधीच तळ गाठला होता. तिची माय ओसरीवर बसून वाळ्याचा पडदा विणत होती. वाळ्याच्या सुगंधी मुळ्या बांबूच्या चौकटीत दाबून बसवायच्या, बाकीची दारं-खिडक्या लावून एका खिडकीत तो पडदा टांगायचा आणि त्यावर पाणी मारत राहायचं. मग बाहेरची कोरडी झळ त्यातून आत येताना गार, गोड वासाची झुळूक होऊन यायची. गावातल्या निम्म्या खिडक्यांत मायचे पडदे होते. त्यांच्या स्वतःच्या खिडकीत मात्र उरल्यासुरल्या मुळ्यांचा एक ठिगळाचा पडदा होता.

दहाच्या सुमाराला शेजारच्या घरी फोन आला. माय जाऊन आली, परत आपल्या जागी बसली आणि अर्धी राहिलेली गाठ तिनं पुरी बांधली.

"तुझी शेवंतामावशी गेली," ती म्हणाली. "उष्म्यानं ताप चढला म्हणतात. बाळ आहे मागं, दहा दिवसांचं. आपल्याला जायला पायजे."

समुद्रकाठच्या त्या गावाला पोचायला रेल्वेचा एक दिवस लागला आणि एसटीचा अर्धा. कौशीनं इतकं हिरवं कधी पाहिलं नव्हतं. नारळाच्या झावळ्या होत्या, सुपारीची उंच उंच झाडं होती, दगडांवरही मखमली शेवाळाची चिमुकली गादी होती.

"माय, इथं तर सावलीच सावली आहे," ती म्हणाली. "इथं माणूस गर्मीनं कसं जाईल वं?"

मावशीचे यजमान भिवाकाका बाळाला खांद्यावर घेऊन उभे होते. त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. "ऊन नाही मारत गो इथं," ते म्हणाले. "हवा मारते. घाम येतो तो जातच नाही."

मायचं तिकडे लक्ष नव्हतं. खिडकीत एक वाळ्याचा पडदा होता. गेल्या वर्षी तिनंच विणून पार्सलनं बहिणीला पाठवला होता.

"लावला होता तिनं," माय म्हणाली आणि पडद्यावरून हात फिरवत राहिली.

बाळ लालबुंद झालं होतं. मानेवर घामोळ्यांचे इवले इवले दाणे होते, डोळे अर्धे मिटलेले. चमच्यानं दूध घातलं तर ओठांच्या कडेनं गळून जायचं. गावातल्या डॉक्टरीणबाई आल्या, औषध देऊन म्हणाल्या, "बाळाला गार ठेवा. उद्या संध्याकाळपर्यंत दूध घेतलं नाही तर मात्र शहरात न्यावं लागेल." जाताना त्यांचा चेहरा उतरलेला होता.

गार ठेवणं मायला ठाऊक होतं. तिनं दारं लावली, बाकीच्या खिडक्या लावल्या, पडदा भिजवला, जमिनीवर पाणी शिंपडलं, दोरीवर ओली लुगडी टांगली.

"अक्का, घराची घागर केलीत की तुम्ही," भिवाकाका म्हणाले. पण अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी कौशी पडद्यासाठी पाणी आणायला सुपारीच्या बागेतल्या विहिरीवर गेली. तिथे, काठावरच्या नेच्याच्या पानाखाली, तिला काहीतरी चमकलेलं दिसलं. अंगठ्याएवढी एक परी होती. केस केशरी, झगा आंब्याच्या मोहराच्या रंगाचा. पण तिचे पंख ओल्या कागदासारखे पाठीला चिकटले होते आणि ती धापा टाकत होती.

कौशीनं घाईघाईनं ओंजळीत पाणी घेतलं.

"पाणी नको गं," परी हळूच म्हणाली. "पाणी तर इथल्या हवेत काठोकाठ आहे. त्यानंच माझे पंख वाळत नाहीत. वारा घाल, जमलं तर."

कौशीनं खाली पडलेलं सुपारीचं झाप, वाळकी झावळीच, उचललं आणि त्याच्या रुंद देठानं वारा घालू लागली. हात भरून आले, घाम डोळ्यांत गेला, तरी ती थांबली नाही. बऱ्याच वेळानं एक पंख सुटला, मग दुसरा. त्यांच्यावर मोरपिशी, गुलाबी, चंदेरी ठिपके उजळले आणि परी उठून बसली.

"तू काही मागितलं नाहीस," परी म्हणाली. "म्हणून मी तुला तीन मागणी देते. पण नेम ऐक. स्वतःसाठी मागायचं नाही. गेलेलं माणूस परत मागायचं नाही. आणि मी नवं काही घडवत नाही, बाळे. एकीकडचं उचलून दुसरीकडे ठेवते, एवढंच."

दुसरा नेम ऐकून कौशीनं मावशीला परत मागायचा विचार सोडून दिला. मग म्हणाली, "आमच्या गावची कोरडी हवा इथं आण. मग मायचा पडदा चालेल आणि बाळ वाचेल."

परीनं बोट फिरवलं. पिवळसर सोनेरी वारा सळसळत आला. खिडकीतला पडदा क्षणात गारेगार झाला, आतून वाळ्याचा वास दरवळला. पण बागेत मिरीच्या वेलाची पानं चुरगळली. नेचा तपकिरी झाला. विहिरीच्या काठावरचा एक इटुकला हिरवा बेडूक पाण्याकडे सरकायला निघाला आणि वाटेतच पाय पोटाशी घेऊन बसला. त्याची चकचकीत पाठ कौशीच्या डोळ्यांदेखत सुकत चालली.

कौशीनं पडद्याच्या खिडकीकडे पाहिलं, मग बेडकाकडे.

"परत ने," ती म्हणाली. "हे दुसरं मागणं."

ओलसर, जड हवा परत आली. बेडकानं टुपकन पाण्यात उडी मारली. आतून बाळाचं बारीक रडणं ऐकू आलं.

कौशी खाली बसली. "तू पाण्यानं बरी नाही झालीस," ती सावकाश म्हणाली. "वाऱ्यानं झालीस. मग बाळालापण वाराच पायजे ना? थोडा वारा दे आमच्या घरात."

"तो तुमच्या पश्चिमेच्या खिडकीशी रोज दुपारी येतो आणि परत जातो," परी म्हणाली. "समुद्रावरून येतो बिचारा. ओल्या पडद्यातून त्याला आत शिरता येत नाही. तो पडदा काढणं माझं काम नाही, कौशी. तुझं तिसरं मागणं अजून शिल्लक आहे."

कौशी घरात गेली. आत वाफ कोंडली होती.

"माय, पडदा काढू. खिडक्या उघडू."

"काऊन? खुळी झालीस?" माय ओला हात पुशीत म्हणाली. "आपल्याकडं चार पिढ्या यानंच वाचल्या."

"आपल्याकडं घाम येतो आन् तिथंच उडून जातो, माय. इथं तसाच राहतो. इथल्या हवेत पाणी आहेच. आपण आणखी घालतोय."

माय पडद्याजवळ जाऊन उभी राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "शेवंतानंबी असंच केलं असंल. दारं लावून घेत जा, असं मीच कळवलं होतं तिला."

तेव्हा कौशीला कळलं, की मायला तो पडदा काढवत का नाही.

तिनं मायचा हात धरला. दोघींनी मिळून चौकट खिडकीतून उतरवली. भिवाकाकांनी समोरासमोरची दारं सताड उघडली, ओली लुगडी काढून नेली. समुद्रावरची झुळूक दबकत दबकत आत आली. कौशीनं बाळाचं अंगडं उतरवलं, कोरड्या मऊ फडक्यानं घाम टिपला आणि झापानं वारा घालत बसली. भिवाकाका थकले की ती, ती थकली की भिवाकाका. उन्हं कलली तेव्हा बाळानं जीभ बाहेर काढली. मायनं चमचा लावला. एक घोट गेला. मग आणखी एक. डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी बाळाच्या कपाळाला हात लावला आणि पहिल्यांदाच खाली बसून चहा मागितला.

माय मात्र भिंतीकडे तोंड करून बसली होती.

कौशी बागेत गेली. परी नेच्याच्या पानावर उभी होती.

"मावशी पडद्यानं गेली का?"

"ते मलाही ठाऊक नाही," परी म्हणाली. "कुणालाच नाही."

"मग माझं तिसरं मागणं आहे. मायच्या मनावरचं ओझं उचल. नवं काही नको घडवू. अर्धं तिच्याकडं राहू दे, अर्धं माझ्याकडं ठेव."

परी पानावरून उडून तिच्याजवळ आली. मग तिनं चिमुकला हात कौशीच्या छातीवर ठेवला. तिथं काहीतरी जड, गार येऊन बसलं. ते कौशीला पेलवलं.

"हे मागणं आजवर कुणी मागितलं नव्हतं," परी म्हणाली. "म्हणून माझ्याकडून एवढं घे. समुद्राचा वारा दर उन्हाळ्यात या गावातलं एकही उघडं दार चुकवणार नाही."

तिचे पंख मोरपिशी झाले, मग सोनेरी, मग नुसता उजेड. तो उजेड सुपारीच्या शेंड्यांवर क्षणभर थांबला आणि मावळतीच्या उजेडात मिसळून गेला.

घरात माय बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. कौशीची चाहूल लागताच तिनं सरकून जागा दिली आणि दाराकडे पाहत पहिल्यांदा रडली. कौशी तिला टेकून बसली.

बाळ झोपलं होतं. मावशी गेली त्या गडबडीत त्याचं बारसं राहून गेलं होतं. त्याला अजून नाव नव्हतं.